कॉव्हेंट्रीची जॅग्वार कार्यशाळा : परंपरा आणि वाटचाल

इंग्लंडच्या मध्य भागातील कॉव्हेंट्री शहराच्या वेशीवर रायटन येथे जॅग्वार लँड रोव्हर क्लासिक वर्क्स ही कार्यशाळा आहे. जॅग्वार कंपनीने विसाव्या शतकात बनवलेल्या स्पोर्ट्स गाड्या येथे शेवटच्या बोल्टपर्यंत खोलल्या जातात आणि मूळ रूपात पुन्हा उभ्या केल्या जातात. जून २०१७ मध्ये कार्यशाळेचे उद्घाटन झाले. १४,००० चौरस मीटरची वास्तू, ५४ गाड्यांवर एकाच वेळी काम करता येईल अशी सोय आणि सुमारे १२० कुशल कारागीर व तंत्रज्ञ हे तिचे सुरुवातीचे स्वरूप होते. वास्तू नवी असली तरी येथील कामाची परंपरा जवळजवळ शंभर वर्षांची आहे. ही परंपरा समजून घेतल्याशिवाय कार्यशाळेचे महत्त्व ध्यानात येत नाही, म्हणून हा इतिहास जॅग्वारच्या जन्मापासून सांगणे आवश्यक आहे.

पूर्वपीठिका (१९२२ ते १९५०)

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्लॅकपूल या गावी १९२२ मध्ये विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्सली या दोन तरुणांनी ‘स्वॅलो साइडकार कंपनी’ सुरू केली. लायन्स तेव्हा अवघे २१ वर्षांचे होते. मोटारसायकलला जोडायच्या साइडकार बनवणे हा त्यांचा पहिला व्यवसाय. पुढे ऑस्टिन सेव्हनसारख्या छोट्या मोटारींवर त्यांनी देखणे साटे चढवायला सुरुवात केली. मागणी वाढली तसा १९२८ मध्ये कारखाना कॉव्हेंट्रीत हलवण्यात आला. सायकली, मोटारसायकली आणि मोटारी बनवणाऱ्या या शहरात पत्रा ठोकणारे, लेथ चालवणारे आणि साचे घडवणारे कारागीर मुबलक होते.

१९३५ मध्ये कंपनीने आपल्या गाडीला ‘एसएस जॅग्वार’ हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘एसएस’ ही अक्षरे नाझी जर्मनीची आठवण करून देत असल्याने १९४५ मध्ये ती वगळण्यात आली आणि कंपनी ‘जॅग्वार कार्स’ झाली.

युद्धकाळात कारखान्याच्या छपरावर रात्री आगीची राखण करावी लागे. विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली या अभियंत्यांनी या पहाऱ्याच्या रात्रींत लायन्स यांच्यासोबत नव्या इंजिनाचा आराखडा चर्चेत पक्का केला. ‘एक्सके’ नावाचे हे सहा सिलिंडरचे इंजिन बिडाच्या ब्लॉकचे, अॅल्युमिनियमच्या हेडचे आणि वरच्या बाजूला दोन कॅमशाफ्ट असलेले होते. १९४८ च्या लंडन मोटार प्रदर्शनात ‘एक्सके १२०’ या स्पोर्ट्स गाडीतून ते लोकांसमोर आले. या गाडीच्या पहिल्या सुमारे २४० प्रतींचे साटे अॅश लाकडाच्या सांगाड्यावर हाताने घडवलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे होते. मागणी अपेक्षेपेक्षा फार मोठी निघाल्याने पुढच्या गाड्यांसाठी पोलादी पत्र्याचे साचे करावे लागले. एक्सके इंजिनाचे उत्पादन १९९० च्या दशकापर्यंत चालू राहिले. एकाच इंजिनाचे ज्ञान कारागिरांच्या दोन पिढ्यांच्या हातांत मुरले आणि आजच्या कार्यशाळेला ते वारशाने मिळाले.

ब्राउन्स लेन आणि शर्यतीचे दशक

१९५१-५२ मध्ये जॅग्वार कॉव्हेंट्रीतील ब्राउन्स लेन येथील मोठ्या कारखान्यात गेली. फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने पाच विजय मिळवले ते याच दशकात. १९५१ आणि १९५३ मध्ये सी-टाइप, तर १९५५, १९५६ आणि १९५७ मध्ये डी-टाइप ही गाडी पहिली आली. १९५३ चा विजय तंत्राच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे. त्या वर्षी सी-टाइपला डिस्क ब्रेक होते. ड्रम ब्रेक तापून निकामी होऊ लागले तरी डिस्क ब्रेकची पकड टिकून राहत असे, त्यामुळे जॅग्वारचे चालक वळणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत वेग कमी करत नसत. आज रस्त्यावरच्या साध्या मोटारीलाही डिस्क ब्रेक असतात. त्यांची मोठी कसोटी या शर्यतीत लागली होती.

सी-टाइप आणि डी-टाइप यांचे आकार माल्कम सेयर यांचे. विमान कारखान्यातून आलेल्या सेयर यांनी हवेच्या प्रवाहाचे गणित मोटारीला लावले. गाडीची प्रत्येक वक्ररेषा ते लघुगणकाची कोष्टके आणि स्लाइड रूल यांच्या आधारे आकड्यांतून काढत. त्यामुळे या गाड्यांच्या पत्र्याला अंदाजाने दिलेला बाक चालत नाही. दुरुस्तीच्या वेळी वक्ररेषा थोडी जरी हुकली, तरी जाणकाराच्या नजरेला ती लगेच दिसते.

१२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री ब्राउन्स लेनला मोठी आग लागली. कारखान्याचा बराच भाग आणि शेकडो गाड्या जळाल्या. त्या वेळी उरलेल्या डी-टाइप गाड्यांना रस्त्यावर चालवण्याजोगे रूप देऊन ‘एक्सकेएसएस’ या नावाने विकण्याचे काम सुरू होते. २५ गाड्यांचा बेत होता. त्यांपैकी १६ पूर्ण झाल्या आणि ९ कधीच होऊ शकल्या नाहीत. कामगारांच्या जिद्दीने कारखाना काही दिवसांतच पुन्हा सुरू झाला, पण त्या नऊ गाड्यांची जागा वहीत रिकामी राहिली. सुमारे साठ वर्षांनी या रिकाम्या जागेला महत्त्व आले.

ई-टाइप

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथे ई-टाइप प्रथम दाखवण्यात आली. ‘९६०० एचपी’ या क्रमांकाची कूपे, म्हणजे बंद टपाची गाडी, कॉव्हेंट्रीहून रस्त्याने जिनिव्हाला पोहोचली. चालवून पाहणाऱ्यांची गर्दी एवढी झाली की दुसरी गाडी तातडीने मागवावी लागली. कंपनीचे चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांना हातातले काम टाकून निघण्याचा निरोप मिळाला. ‘७७ आरडब्ल्यू’ ही उघड्या टपाची गाडी त्यांनी रात्रभर चालवत वेळेवर जिनिव्हाला पोहोचवली.

ई-टाइपचे इंजिन ३.८ लिटरचे, तीन कार्ब्युरेटरचे, २६५ अश्वशक्तीचे होते, आणि ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेगाचा तिचा दावा होता. त्या काळातील इटालियन गाड्यांच्या तुलनेत तिची किंमत बरीच कमी होती. १९६४ मध्ये ४.२ लिटरचे आणि १९७१ मध्ये बारा सिलिंडरचे इंजिन आले. १९७४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ७२,००० हून अधिक ई-टाइप तयार झाल्या होत्या आणि त्यांतील मोठा वाटा अमेरिकेला गेला होता. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने एक ई-टाइप आपल्या कायम संग्रहात घेतली.

कार्यशाळेकडे या गाडीचे बरेच काम असते, आणि याचे कारण तिच्या रचनेत आहे. मधला भाग म्हणजे पोलादी पत्र्याचे सलग कवच. त्याच्या पुढे चौकोनी नळ्यांची चौकट बोल्टने जोडलेली. या चौकटीत इंजिन बसते आणि त्यावर गाडीच्या जवळजवळ निम्म्या लांबीचे, पुढच्या टोकाशी बिजागरी असलेले बोनेट येते. रचना हलकी आणि मजबूत होती, पण गंजापासून संरक्षण मात्र त्या काळाच्या मानानेच होते. पोकळ भागांत शिरलेले पाणी बाहेर पडत नसे. म्हणून वरून चकचकीत दिसणारी ई-टाइप आतून पोखरलेली निघणे ही नित्याची गोष्ट आहे.

पडता काळ आणि नोंदींचे जतन

१९६६ मध्ये जॅग्वार ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड या अवाढव्य समूहाचा भाग बनली. १९७२ मध्ये लायन्स निवृत्त झाले. पुढचे दशक कंपनीला कठीण गेले. गाड्यांचा दर्जा घसरला आणि जुन्या गाड्यांची काळजी घेण्याला कोणी प्राधान्य देईना.

या काळात जुन्या जॅग्वार जगल्या त्या मुख्यतः त्यांच्या मालकांच्या क्लबांमुळे आणि लहान खासगी गॅरेजांमुळे. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कारागिरांनी अशा गॅरेजांत काम केले, बंद झालेले सुटे भाग स्वतः घडवले आणि तरुणांना हाताखाली घेऊन शिकवले. आज ही विद्या उपलब्ध आहे याचे मोठे श्रेय त्यांना द्यावे लागते.

१९८३ मध्ये ‘जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट’ स्थापन झाला. ऐतिहासिक गाड्यांबरोबरच कारखान्याच्या हाताने लिहिलेल्या नोंदवह्या ट्रस्टने जपल्या. कोणत्या क्रमांकाची गाडी कोणत्या रंगाची होती, आतले चामडे कोणते होते, तिच्यात कोणत्या क्रमांकाचे इंजिन बसवले होते, ती कोणत्या तारखेला आणि कोणत्या विक्रेत्याकडे पाठवली गेली, हे त्यांत लिहिलेले आहे. त्यांच्या आधारे मालकाला प्रमाणपत्र दिले जाते. गाडीच्या जीर्णोद्धाराची सुरुवात या प्रमाणपत्रापासून होते. या वह्या त्या वेळी रद्दीत गेल्या असत्या, तर पुढे कितीही पैसा ओतून मूळ गाडी कशी होती हे सांगता आले नसते.

१९८४ मध्ये जॅग्वार पुन्हा स्वतंत्र झाली. १९८९-९० मध्ये अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने ती घेतली. २००५ मध्ये ब्राउन्स लेन येथील मोटारींची जुळणी बंद झाली. जून २००८ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या फोर्डकडून २३० कोटी डॉलरला विकत घेतल्या. २०११ पासून पुण्यात या समूहाच्या गाड्यांची जुळणीही होऊ लागली. महाराष्ट्राशी जोडला गेलेला हा दुवा केवळ मालकीपुरता नाही. जुन्या गाड्यांसाठी कंपनीच्या खर्चाने स्वतंत्र विभाग आणि पुढे स्वतंत्र वास्तू उभी राहिली, ती टाटांच्या काळात.

कार्यशाळेची उभारणी

२०१४ हे वर्ष निर्णायक ठरले. जुन्या गाड्यांची दुरुस्ती, सुटे भाग आणि विक्री यांकडे लक्ष देण्याचे काम कंपनीने नव्याने संघटित केले. ब्राउन्स लेन येथे हेरिटेज कार्यशाळा सुरू झाली. ज्या आवारात डी-टाइप आणि ई-टाइप जन्मल्या, तेथेच त्यांच्या दुरुस्तीला पुन्हा हात लागला. याच वर्षी कंपनीने ५४३ ब्रिटिश गाड्यांचा एक खासगी संग्रह एकगठ्ठा विकत घेतला. त्यांत शंभराहून अधिक जॅग्वार होत्या.

काम वाढले तशी जागा अपुरी पडली. रायटन येथे जेथे पूर्वी पूजो कंपनीचा मोटार कारखाना होता, त्या जागेवर उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीत नवी कार्यशाळा थाटण्यात आली. तिच्यावर सुमारे ७० लाख पौंड खर्च झाले. येथे जॅग्वारबरोबर लँड रोव्हर आणि रेंज रोव्हर यांच्या जुन्या गाड्यांचेही काम होते. तपासणी, पत्राकाम, इंजिन, जुळणी आणि विक्री हे सारे एकाच छताखाली आले, आणि कंपनीचा जुन्या गाड्यांचा संग्रहही येथेच ठेवण्यात आला. पुढे जर्मनीत एसेनजवळ दुसरे केंद्र सुरू झाले. उत्पादन थांबून दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या गाड्यांचे सुटे भाग पुरवण्याची जबाबदारीही या विभागाकडे आहे.

२०१७ मध्येच ‘ई-टाइप रीबॉर्न’ ही योजना जाहीर झाली. तिच्यात कार्यशाळा स्वतः मूळ ई-टाइप शोधते, ती पूर्ण खोलून नव्याने उभी करते आणि मग ग्राहकाला देते. या योजनेची पहिली गाडी १९६५ सालची ४.२ लिटरची करडी कूपे होती. मूळची कॅलिफोर्नियात पाठवलेली ही गाडी त्या वर्षी एसेनच्या प्रदर्शनात मांडण्यात आली.

कामाची पद्धत

गाडी कार्यशाळेत आली की पहिले काम ओळख पटवण्याचे. चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि साटा या चारही ठिकाणचे ठोकलेले क्रमांक नोंदवहीशी ताडून पाहतात. चारही जुळले तर गाडीचे मोल वाढते. एखादा जुळला नाही तर तसे स्पष्ट लिहून ठेवले जाते. नोंदीत नसलेली गोष्ट गाडीत आहे असे दाखवायचे नाही, हा या कामाचा पहिला नियम.

यानंतर गाडी खोलली जाते. प्रत्येक भागाचे छायाचित्र घेऊन, चिठ्ठी लावून तो वेगळा ठेवतात. बारीकसारीक भागांवरूनही गाडीचा काळ ठरतो. पहिल्या सुमारे ५०० ई-टाइपच्या बोनेटचे कुलूप बाहेरून उघडत असे. सुरुवातीच्या गाड्यांची तळाची फरशी सपाट होती. पाय नीट पसरता यावेत म्हणून पुढे तिला खोलगटपणा देण्यात आला. सुरुवातीच्या बोनेटवरच्या हवेच्या झडपा वेगळ्या बनवून जोडलेल्या होत्या, नंतरच्या बोनेटमध्ये त्या पत्र्यातच दाबून काढल्या जाऊ लागल्या. १९६१ च्या गाडीला १९६३ चा भाग बसवला तर गाडी चालेल, पण ती १९६१ ची राहणार नाही. म्हणून कोणता भाग कोणत्या महिन्यापर्यंत वापरात होता याची माहिती येथील कारागिराला पान्याइतकीच हाताशी लागते.

सर्वांत अवघड काम पत्र्याचे. जुना रंग आणि लांबी उतरवल्यावर पत्र्याची खरी अवस्था उघडी पडते. दाराखालच्या पोकळ पेट्या, फरशी आणि मागच्या चाकांचे दांडे जेथे जोडलेले असतात त्या जागा सर्वांत आधी गंजतात. दाराखालची पेटी कापून नवी बसवायची असेल, तर आधी दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवे-तिरपे गज झाळून कवच बांधून घ्यावे लागते. उघड्या टपाच्या गाडीला वरचा आधार नसल्याने ही खबरदारी अधिकच महत्त्वाची. ती न घेता पेटी कापली तर कवच मधोमध खचते. मग दार लागत नाही, लागले तर फट सारखी राहत नाही आणि झालेली चूक शेवटपर्यंत निस्तरत नाही.

पुढच्या चौकटीच्या नळ्या ‘रेनॉल्ड्स ५३१’ या पातळ पण चिवट पोलादाच्या असतात. उंची सायकलींच्या सांगाड्यांमुळे हे पोलाद प्रसिद्ध झाले. या नळ्या आतून गंजतात आणि बाहेरचा रंग तसाच राहतो. पातळ झालेल्या नळीवर ठिगळ झाळून काम भागवता येत नाही, कारण इंजिनाचे वजन आणि पुढच्या चाकांचे हादरे याच चौकटीवर येतात. शंका आली की चौकट बदलणे हाच उपाय.

दोन पत्र्यांच्या सांध्यावर कारखान्यात शिशाचा भराव घालत. कवच तापवायचे, त्यावर शिसे आणि कथिलाची कांडी वितळवायची, लाकडी पट्टीने ती मऊ असतानाच पसरवायची आणि निवल्यावर कानशीने आकार द्यायचा. कल्हईवाल्याच्या कामाशी याचे जवळचे नाते आहे. आच थोडी वाढली तर कथिल ओघळून खाली येते, कमी पडली तर ते पत्र्याला धरत नाही. ही आच कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही.

रंग लावण्यापूर्वी बोनेट, दारे आणि मागचे झाकण एकदा कोरडे जुळवून पाहतात. ई-टाइपचे बोनेट मधला भाग, दोन बाजू आणि खालचा भाग यांचे मिळून बनते आणि सांध्यांवर चकाकती पट्टी येते. बिजागरीखाली पातळ पट्ट्या सरकवत, पुन्हापुन्हा उघडून-मिटून, चहूबाजूंची फट सारखी होईपर्यंत हे काम चालते. मग सारे पुन्हा उतरवून रंगाला जाते.

इंजिनाचे काम दुसऱ्या दालनात होते. एक्सके इंजिनाच्या ब्लॉकमधील पाण्याच्या वाटांत वर्षानुवर्षांचा गाळ साचून मागचे सिलिंडर तापू लागतात. अॅल्युमिनियमचे हेड पाण्याच्या वाटांजवळ खाल्ले जाते. दोन्ही स्वच्छ करून, मोजून, गरजेप्रमाणे बोअर करून किंवा स्लीव्ह घालून घेतात. व्हॉल्व्हचे अंतर जुळवणे हा या इंजिनातला चिकाटीचा भाग. बारा व्हॉल्व्हपैकी प्रत्येकावर एक छोटी चकती असते. चकत्यांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागाच्या पायरीने वाढत जाते आणि प्रत्येक जाडीला एक अक्षर दिलेले असते. ३.८ लिटरच्या ई-टाइपला आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी इंचाचे चार हजारांश आणि धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी सहा हजारांश इतके अंतर हवे. मोजायचे, कॅमशाफ्ट उतरवायचा, चकती बदलायची, कॅमशाफ्ट बसवून पुन्हा मोजायचे. बाराही व्हॉल्व्ह बरोबर येईपर्यंत हा क्रम थांबत नाही. इंजिन सुरू झाले की एक्सकेचा तो गुळगुळीत, भारदस्त आवाज या चकत्यांच्या मापावर अवलंबून असतो.

मागची चाके, स्प्रिंगा, डिफरन्शियल आणि ब्रेक यांचा संच एका वेगळ्या पोलादी चौकटीत असतो आणि तो पूर्ण खाली उतरवता येतो. मागचे डिस्क ब्रेक चाकापाशी नसून डिफरन्शियलला लागून आहेत. डिफरन्शियलचे सील गळू लागले तर तेल थेट डिस्कवर येते. म्हणून हा संच बाहेर काढल्यावर सील, बेअरिंग आणि रबरी आधार सर्वच बदलून घेणे शहाणपणाचे ठरते.

शेवटी वायरिंग, चामड्याच्या गाद्या, गालिचा आणि घड्याळपट्टी बसवून गाडी रस्त्यावर चाचणीसाठी नेतात. चाचणीत आढळलेली प्रत्येक कुरकुर लिहून घेऊन ती मिटवली जाते, आणि केलेल्या कामाची कागदपत्रे गाडीबरोबर मालकाच्या हवाली होतात.

अपुऱ्या राहिलेल्या गाड्या

दुरुस्तीतून मिळवलेल्या ज्ञानाच्या बळावर या विभागाने आणखी एक काम हाती घेतले. जुन्या बेतात ठरलेल्या, क्रमांक दिलेल्या, पण कधीच न बनलेल्या गाड्या पूर्ण करण्याचे हे काम.

पहिला मान हलक्या वजनाच्या ई-टाइपला मिळाला. १९६३ मध्ये शर्यतीसाठी अॅल्युमिनियमच्या साट्याच्या १८ ई-टाइप बनवायचे ठरले होते. प्रत्यक्षात १२ झाल्या. उरलेल्या सहा गाड्या २०१४ मध्ये हाती घेतल्या. त्यासाठी मूळ गाडीचे कवच संगणकाच्या साहाय्याने मोजले गेले. हाताने घडवलेल्या जुन्या गाडीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नव्हत्या, म्हणून एकच बाजू मोजून दुसरी तिच्या प्रतिबिंबाप्रमाणे घेण्यात आली.

२०१६ मध्ये एक्सकेएसएसची पाळी आली. १९५७ च्या आगीमुळे न झालेल्या नऊ गाड्या पूर्ण करायच्या होत्या. त्या काळचा लाकडी साचा उरलेला नव्हता, म्हणून मूळ गाड्यांवरून नवा साचा तयार केला गेला. त्यावर मॅग्नेशियमच्या मिश्र धातूचा पत्रा चाकावर फिरवून, हाताने बाक देऊन बसवण्यात आला. चौकटीसाठी रेनॉल्ड्स कंपनीचे सहकार्य घेऊन तीच ५३१ नळी वापरण्यात आली. कंपनीने सांगितल्यानुसार एकेका गाडीला सुमारे दहा हजार तासांचे श्रम लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लॉस एंजलिस येथे पहिली गाडी दाखवण्यात आली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात डी-टाइपची घोषणा झाली. मूळ बेत १०० गाड्यांचा होता आणि ७५ झाल्या होत्या. उरलेल्या २५ आता बनणार होत्या. २०२१ मध्ये सी-टाइपच्या सत्तरीनिमित्त १९५३ च्या विजयी गाडीप्रमाणे डिस्क ब्रेक असलेली सी-टाइप बनवण्याचे जाहीर झाले.

या गाड्यांना मूळ ऐतिहासिक गाड्यांचा दर्जा द्यावा का, यावर संग्राहकांत मतभेद आहेत. या गाड्या त्या काळच्या शर्यतींत धावलेल्या नाहीत, हे खरेच आहे. मात्र त्यांच्यामुळे लाकडी साच्यावर पत्रा घडवण्याची, ब्राँझने नळ्या झाळण्याची आणि जुने इंजिन शून्यापासून बांधण्याची विद्या पुन्हा रोजच्या कामाचा भाग झाली. दुरुस्तीला येणाऱ्या मूळ गाड्यांना या सरावाचा थेट लाभ होतो. या एका कारणासाठीही हा उपक्रम मोलाचा आहे.

मूळपणाचा प्रश्न

गाडी किती नवी करावी आणि किती जुनी ठेवावी, हा या क्षेत्रातला कायमचा प्रश्न आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये तुरीन सनद स्वीकारली. वाहन हा सांस्कृतिक वारसा आहे, शक्य तेथे मूळ भाग जपावेत, बदल केला तर तो ओळखता यावा आणि त्याची नोंद राहावी, असे तिचे सार आहे.

रायटनच्या कार्यशाळेलाही या प्रश्नाला सामोरे जावे लागले. सप्टेंबर २०१७ मध्ये तिने विजेवर चालणारी ‘ई-टाइप झीरो’ दाखवली. मे २०१८ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्यातील विवाहप्रसंगी ही गाडी जगभर पाहिली गेली. तिची विजेची यंत्रणा मूळ इंजिनाच्या जागेत, त्याच आधारांवर बसेल अशी योजलेली होती, म्हणजे पुढे मागे मूळ इंजिन परत बसवता यावे. तरीही एक्सके इंजिनावाचून ई-टाइप ही कल्पना अनेकांना मानवली नाही. दुसरीकडे, थंडाव्याची सुधारलेली व्यवस्था किंवा पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश असलेला गिअरबॉक्स यांसारखे बदल मालकाच्या इच्छेनुसार केले जातात, कारण गाडी रस्त्यावर धावती राहण्यासाठी ते उपयोगी पडतात. परत फिरवता येईल तेवढाच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा, ही त्यातली सुरक्षित वाट आहे.

साठ वर्षांचा टप्पा

मार्च २०२१ मध्ये ई-टाइपला साठ वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त कार्यशाळेने १९६० च्या दशकातील १२ मूळ ३.८ लिटरच्या ई-टाइप पूर्णपणे नव्याने उभ्या करून सहा जोड्यांत देण्याची योजना आखली. प्रत्येक जोडीतील कूपे ‘९६०० एचपी’च्या स्मरणार्थ खास करड्या रंगाची आणि उघड्या टपाची गाडी ‘७७ आरडब्ल्यू’च्या स्मरणार्थ हिरव्या रंगाची ठेवण्यात आली. हातातले सारे टाकून निघा, हा ड्यूइस यांना मिळालेला निरोप त्या हिरव्या रंगाच्या नावात कायमचा कोरला गेला.

एकेकाळी शेतातल्या गोठ्यांत आणि बंद गॅरेजांत गंजत पडलेल्या या गाड्या आज पुन्हा रस्त्यावर धावतात, त्यामागे जपलेली नोंदवही, कारागिराचा तयार हात आणि कंपनीने दिलेली कायमची जागा आहे. यांतले सर्वांत आधी जपावे लागते ते कागद. ज्यांच्याकडे कोणतीही जुनी गाडी असेल, त्यांनी तिचे नोंदणीपुस्तक, खरेदीची पावती, बदललेले जुने भाग आणि क्रमांकांच्या पट्ट्या जपून ठेवाव्यात. पत्रा पुन्हा घडवता येतो आणि इंजिन पुन्हा बांधता येते. हरवलेली नोंद मात्र कोणत्याही कार्यशाळेत बनत नाही.